डावी बाजू

विरेशला ज्वाळा हव्या होत्या.
जीप जुनी, लष्करी लिलावातली,
होटगी रोडच्या गॅरेजात दोन वर्षं उघडी पडलेली,
आता तिला दातेरी टायर, विंच, मॅट काळा रंग,
आणि रविवारी बोरामणीच्या माळावर चढाव.
मोबाइलवर त्यानं बारा फोटो दाखवले,
बाराही गाड्यांवर एकच ज्वाळ,
मिरचीच्या देठासारखी वळलेली.
"असली नको," म्हणाला, "पण अशीच पाहिजे."
गिऱ्हाईक असंच बोलतं. मी ॲडव्हान्स घेतला.

आमचं दुकान अशोक चौकातून आत.
नंबरप्लेटा, रिक्षांवरची लेकरांची नावं,
गड्ड्याच्या दिवसांत पाळण्यांना चिकटवायच्या चांदण्या.
मागच्या खोलीत नाना.
चाळीस वर्षं त्यांनी चादरींचे ग्राफ भरले,
मोर, कमळ, पायघडीची वेल,
एक चुकलं तर हजार चादरींत हजार वेळा चुकलेलं.
लहानपणी मी एक चौकोन तिरका, निम्माच रंगवला
तेव्हा बोटांवर पट्टी बसली होती:
अर्धं घर नसतं.
भरलेलं, नाहीतर रिकामं.

उजवी बाजू दीड तासात झाली.
डावी?
एक बटण. आरसा. झाली.
नाना पाठीमागं कधी आले कळलं नाही,
मोतीबिंदूचे डोळे, नाक जवळजवळ स्क्रीनला टेकलेलं.
"इदी मंट कादु."
ही ज्वाळ नाही.
"किनार आहे ही. किनार दोन्हीकडं सारखी असते.
विस्तवाला डावं-उजवं कुणी शिकवलं?"

मी चिडले. साडेचार हजारांचं काम,
त्यात पाचशे उधारीचे.
नाना, गाडी धुरळ्यात जाणार, कोण मोजतंय?
"तू मोजत नाहीस, ते दिसतंय."

रात्री भाकरी तव्याखाली फुगत होती,
पंख्याच्या वाऱ्यानं गॅस एका अंगाला झुकलेला,
तेव्हा ताटावर बसल्या बसल्या, विचारलं नसताना, म्हणाले,
रंगखान्यात बॉयलरचं दार उघडलं की
आग आधी आत जायची.
श्वास घेतल्यासारखी.
मग बाहेर.
आणि चटणी मागितली.

डावी बाजू मी पुन्हा काढली.
चाकाच्या कमानीपाशी टोकं आत ओढलेली,
दारावर एकदम सुटलेली,
हँडलजवळ एक जीभ तुटून एकटीच पुढं.

शनिवारी दुपारी चव्वेचाळीस.
व्हिनाइल हातात पिठासारखं ओघळतं,
ओढलं की ज्वाळ वीतभर लांब होते.
थांबलो दिवेलागणीपर्यंत.
मग साबणाचं पाणी, फेल्टची पट्टी,
रिव्हेटांवर केस वाळवायचं मशीन.
विरेशनं टॉर्च धरला,
आणि टॉर्च घेऊनच जीपला तीन फेऱ्या घातल्या.
"ताई, ही वेगळी आहे."
हो.
"चुकलीय?"
नाही.
चौथी फेरी.
"दोघी एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या दिसतात,"
म्हणाला, आणि उरलेले पैसे दिले. उधारी नाही.

सोमवारी व्हिडिओ आला.
तिसऱ्या चढावर जीप एका चाकावर थबकते,
विचार करते,
आणि सावकाश उजव्या कुशीवर कलंडते.
पोरांचा गलका. विरेश वरच्या दारातून
हसत निघतो, कोपर फुटलेलं,
बाभळीचा एक लांब ओरखडा ज्वाळांमधून थेट.
नानांना स्क्रीन नुसती उजेडाची दिसते.
"कुठली बाजू वर?"
डावी.

ते काही बोलले नाहीत.
टेबलाखालचं कातरण उचललं,
ज्वाळ काढून घेतल्यावर उरलेली लाल जाळी,
आगीच्या मधल्या मोकळ्या जागा.
ती जुन्या ग्राफच्या कागदावर पसरली,
आणि बोटानं एक एक चौकोन चाचपत
ओठांतल्या ओठांत तेलुगूत मोजत राहिले.
मी रिक्षाच्या काचेवर कुणाच्या तरी मुलीचं नाव कापत होते.
बऱ्याच वेळानं आतून आवाज आला:
"साडेतेवीस."