मधली चावी

लोखंडी झाकण उचललं
तर आत वीतभर पाणी, गंजाच्या रंगाचं,
आणि तळाशी ती चावी.
थंडर बे, ऑक्टोबरचा शेवट.
सरोवरावरून निघालेला वारा
धान्याच्या उंच कोठारांना वळसा घालून
थेट माझ्या कोटाच्या उसवलेल्या काखेत.

आठवड्याभरात जमीन गोठेल.
त्याआधी अंगणातल्या नळाचं पाणी बंद करायचं,
पाइप रिकामा करायचा.
एकतीस वर्षं करतोय.
गुडघे टेकले, चाक धरलं, पिळलं,
आणि चाक हातात आलं.
अख्खं.
चावी तिथेच, बिनमुंडक्याची,
आणि एक बारीक धार माझ्या बाहीत.

शिवी इटालियनमध्ये दिली.
आईची भाषा आता एवढीच उरली आहे माझ्याकडे.

अडचण अशी, की चावी माझ्या एकट्याची नाही.
एका पाइपावर दोन अंगणं.
पलीकडे राइया कोस्केला,
जिच्याशी मी साडेचार वर्षं बोललेलो नाही.
कारण बर्फ.
माझ्या फावड्यानं तिच्या दारात गेला
की वाऱ्यानं,
यावर दोघांकडेही भरपूर पुरावे आहेत.
आम्ही एकमेकांना पाण्यात पाहतो
ते एकाच पाण्यात,
हे ओल्या बाहीनिशी उभा राहिल्यावर लक्षात आलं.

पालिकेची बाई फोनवर गोड बोलली:
रस्त्याखालचं आमचं, कुंपणाच्या आतलं तुमचं.
आणि कुंपणाखालचं?
थांबा हं, म्हणाली.
संगीत लागलं. संगीत संपलं.

मग डेव्हिन मिशानो आला, चोवीस वर्षांचा प्लंबर,
त्याचा आजोबा माझ्याबरोबर कोठारावर होता,
तसाच न बोलता आधी नुसता बघणारा.
टॉर्च मारून म्हणाला,
हे आज तुटलं नाही. बरीच वर्षं आत पाणी मुरतंय.
रस्त्यावरून तोडावं लागेल, दोन्ही घरांचं.
शनिवारी येतो.

शनिवार!
शनिवारी राइयाची साउना तापते.
नवरा गेला त्या आठवड्यातही
तिच्या धुराड्यातून धूर निघाला होता, चार वाजता,
मी खिडकीतून पाहिला होता
आणि पडदा ओढला होता.

तर गेलो. बेल वाजवली.
हातात ते चाक, का घेतलं होतं कोण जाणे,
पुरावा म्हणून असेल.
शनिवारी पाणी नाही, म्हणालो. दहापासून. किती वेळ ते सांगता येत नाही.
तिनं चाकाकडे पाहिलं.
फार घट्ट बंद करतोस तू, म्हणाली.
दर मे महिन्यात माझं मनगट जातं.

मी जिन्यावरच उभा.
दर मे महिन्यात मी नळ सोडायचो
आणि पाणी यायचं.
बंद मी करत होतो, हे माहीत होतं.
उघडतं कोण,
हा प्रश्न एकतीस वर्षांत
एकदाही पडला नव्हता.

दार लागलं. आपटलं नाही, पण लागलं.

शनिवारी डेव्हिननं खड्डा खणला, कंबरेइतका.
तिच्या पायऱ्यांवर अकरा बादल्या, भरलेल्या,
उंचीप्रमाणे लावलेल्या.
दोन वाजले, तीन वाजले,
जुनी चावी काही सुटेना,
डेव्हिननं जाकीट काढलं, मग स्वेटर.
चारला तिचा धूर निघाला, वेळेवर.
आणि कुंपणाच्या माझ्या बाजूला
बारावी बादली,
वर ताटली झाकलेली, ताटलीवर दगड.
चिठ्ठी वगैरे काही नाही.
त्यातल्या पाण्याची कॉफी केली, डेव्हिनला दिली, मी घेतली.

नवी चावी पितळेची आहे.
चाक नाही, नुसता दांडा. पाव वळसा दिला की झालं.
या वर्षी मी ती बंद केली
आणि हात लगेच काढून घेतला.

बादली अजून माझ्या दारात आहे.
भांडं रिकामं परत देऊ नये, आई म्हणायची,
काय घालून द्यायचं ते मात्र सांगून गेली नाही.
सकाळपासून बर्फ पडतोय.
फावडं काढलंय.
वारा कुठल्या बाजूचा आहे
ते बघत उभा आहे.