नंबर

पाय हातात आला की नंबर कळतो मला,
पट्टी लागत नाही.
सदतीस वर्षं, नवी पेठेत, चन्नवीर फूटवेअरमध्ये
मी खाली स्टुलावर
आणि सोलापूर समोर बाकड्यावर.

मिलची पाळी सुटून आलेले पाय,
नखांत कापसाचा बुंगा.
विड्या वळणाऱ्या बायकांचे,
मांडी घालून घालून
घोट्यावर घट्टा पडलेले,
चपलेचा पट्टा तिथंच नेमका लागायचा.
अक्कलकोट रोडच्या एका नवरदेवाचा डावा पाय
उजव्याहून अर्ध्या नंबरनं मोठा,
हे त्याच्या बायकोच्या आधी मला माहीत.

तेव्हा वर माळ्यावर सैफन असायचा.
मी नुसतं ओरडायचो, "काळा, आठ, बिनलेसचा!"
आणि वरून खोकं यायचं,
गड्ड्याच्या दिवसांत तर पाठोपाठ चार,
एकही कधी खाली पडलं नाही.

आता येतात, बसतात,
दोन्ही पायांत घालून दारापर्यंत चालून बघतात,
आरशापुढं वळतात,
मग जिभेच्या आतला आकडा
मोबाइलवर टिपून घेतात.
"बघून येतो, काका."
मी बूट पुन्हा कागदात गुंडाळतो.
कागद मऊ पडलाय घड्या मोडून मोडून,
पोराच्या जुन्या वहीसारखा.

अण्णा काउंटरवर बसून
चिल्लर मोजतो. मोजून झाली की
परत मोजतो.

सैफन येतो दुपारी, पाणी प्यायला.
पाठीवर ही एवढी पिशवी, कपाटाएवढी,
तिच्यात आमच्याच गल्लीची पार्सलं.
"काय करलालाव काका?"
बसलोय बे, म्हणतो मी.
तो घाम पुसतो, वर माळ्याकडं बघतो
आणि काही न बोलता बाटली भरून घेतो.
त्याचा राग येत नाही.
दिवसाला साठ जिने चढतो पोरगा,
आमचा माळा एकच होता.

परवा बोल्लूबाई आल्या, सिव्हिलच्या नर्स,
पदराखाली खोकं, चोरून मांजर आणल्यासारखं.
"नरसय्याकाका, जरा सैल होतील का हो?
परत करायची मुदत संपली."
बूट बघायच्या आधी मी पाय बघितला.
सहाच्या थोडा पुढं, अंगठ्याजवळ हाड वाढलेलं.
दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, बाई, आता सात घ्या.
ते फोनला कोण सांगणार,
की रात्रपाळीत पाय सुजतो म्हणून?

लाकडी फर्मा शोधून काढला, धूळ झटकली,
आत घालून रात्रभर ताणून ठेवला.
सकाळी आल्या, चालून बघितलं,
दारापर्यंत गेल्या आणि हसल्या.
पन्नास रुपये ठेवले काउंटरवर.
मी नको म्हणणार होतो,
अण्णानं उचलले, कपाळाला लावले:
भवानी.
मग हळूच मला विचारलं,
"फर्मे किती आहेत रे आपल्याकडं?"

आता खोटं कशाला बोलू.
नातीचे शाळेचे बूट मुलानं फोनवरनंच मागवले.
दुकानात तिच्या मापाचा माल उरला नव्हता,
आणि शंभर रुपये कमी पडत होते तिकडं.
नंबर मी सांगितला.
सैफनच घेऊन आला घरी,
जिन्यावरनंच हाक मारली, "झेला काका!"
आणि खोकं फेकलं खरंच.

झेललं.
दोन्ही हातांनी, थोडं उशिरा.

मग पोरगी खुर्चीवर चढून बसली,
तिनं पाय पुढं केला
आणि मी खाली बसलो,
कुणी न सांगता.