एक, दोन, अडीच

शनिवारी सकाळची शाळा सुटली की
रहिमतपुरात माझी शिट्टी.
रविवारी सांगलीत, विश्रामबागेतल्या कॉलेजात.
शिट्टी तीच. दोरी तीच, घामानं काळी पडलेली.
नियम मात्र एसटी कराडच्या पुढं गेली की बदलतात.

शाळेत रिंगखालचे तीन सेकंद मी असे मोजायचो:
एक, दोन, अडीच,
पावणेतीन,
आणि तोवर पोरीनं चेंडू वर टाकलेला असायचा.
तीन हा आकडा
इतक्या वर्षांत मी मोठ्यानं म्हटलाच नाही.

घड्याळ नव्हतं. नामदेवमामा शिपायाची घंटा होती,
मामा चहाला गेले तर तीही लांबायची.
सातजणी आल्या तर सातजणी खेळायच्या.
कुणाचा पाचवा फाऊल झाला
तर मी म्हणायचो, हा अर्धाच धरू.
फक्कीच्या रेघा दुपारपर्यंत शेळ्या पुसून जायच्या,
मग चेंडू आत की बाहेर,
ते ज्याचा आवाज मोठा त्याच्या हातात.
रिंग शिकलगारांनी वेल्डिंग करून दिलेली,
विळ्या-कोयत्यांच्या कामातनं वेळ काढून, फुकट.
दोन इंच खाली बसली.
मी टेप लावला, पाहिलं,
टेप गुंडाळून खिशात ठेवला.

त्यांचीच समीना.
चेंडू घेऊन आत शिरली की दोन पावलांवर
एक छोटीशी उडी जास्तीची,
पोरं ओढा ओलांडताना घेतात तशी.
नियमानं ती चूक.
मी दर वेळी तेवढ्यापुरता नारळाच्या झाडाकडं बघायचो.

सांगलीत बोर्डाच्या डोक्यावर लाल आकडे:
चोवीस, तेवीस, बावीस.
आठ सेकंदांत मधली रेघ ओलांडायची,
बाहेरनं चेंडू आत द्यायला पाच.
पाच फाऊल झाले की खांद्यावर टॉवेल आणि बाक,
मग ती कुणाचीही पोरगी असो.
इथं रिंग दहा फूट म्हणजे दहा फूट.
इथं अडीच नसतो.
आणि चेंडू जाळीतनं उतरताना जो आवाज होतो,
ओलं धोतर झटकल्यासारखा,
तो आमच्या शाळेत कुणी ऐकलेलाच नाही.

शेवटचं मिनिट. एका गुणानं मागं.
नऊ नंबर, शिकलगार, डावीकडनं घुसली.
एक, दोन,
आणि ओढा.

शिट्टी माझ्या आधी वाजली.
मुठी एकमेकींभोवती फिरवल्या, सूत गुंडाळतात तशा.
चेंडू पलीकडच्यांना.
तिनं माझ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडं.
पायऱ्यांवरनं कुणीतरी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या.

मॅच संपल्यावर पाण्याच्या टाकीपाशी
काय बोलावं ते मी जुळवत होतो,
नियम क्रमांक वगैरे.
तीच म्हणाली,
"आठ महिने लागले सर, ती उडी मोडायला.
मॅडम रोज पहाटे पायाला दोरी बांधून पळवायच्या.
मोडली होती.
आज तुम्ही दिसला
आणि पाय आपल्या शाळेत गेला."
हसली, बाटली भरली,
झाकण घट्ट बसेना, ते फिरवत निघून गेली.

परतीची एसटी इस्लामपुरात पाऊण तास उभी.
खिडकीच्या काचेवर बोटानं मी दहा फूट लिहिलं,
मग पुसलं.

सोमवारी पी.टी.च्या तासाला
सहावीतली एक चिमुरडी रिंगखाली चेंडू घेऊन उभी,
टाचा उचलतेय, नेम धरतेय, पुन्हा उचलतेय.
शिट्टी माझ्या ओठांत.
एक, दोन,
म्हणालो, आणि पुढचा आकडा काही निघेना.

कठड्यावर बसलेली सगळी पोरं ओरडली,
"अडीच!"

चेंडू गेला.
आतनं गेला की बाहेरनं, जाळी नाही, कळलं नाही.
भांडण सुरू झालं.