तीन शून्य शून्य नऊ

दुपारी दीडला, कणकेत हात असताना
एक माणूस मला महानंदाजी म्हणाला.

ट्युशन एरियात मी सगळ्यांची काकू.
गॅसवाला मेसवाल्या बाई म्हणतो,
नवरा होता तेव्हा 'ऐकलं का' म्हणायचा.
'जी' कुणी लावलं नव्हतं.
मी फोन स्पीकरवर टाकून परातीशेजारी ठेवला.

त्याला माझं पूर्ण नाव ठाऊक होतं,
कार्डाचे शेवटचे चार आकडे ठाऊक होते
आणि माझे पॉइंट आज रात्री बाराला मरणार होते.
त्याच्या आवाजात माझ्यासाठी हळहळ होती, देवाशपथ.
मेसेज आला.
कणीक न लागलेल्या करंगळीनं मी तो उघडला
आणि सहा आकडे वाचून दाखवले,
तिसरीतल्या पोरीसारखे, ठासून.

शिवकांत डबा न्यायला आलेला.
देगलूरचा. नीटचा दुसरा अटेम्प्ट.
"काकू, कुणाला बोलायलाव?"
तेवढ्यात फोन तीनदा थरथरला.
एकोणीस हजार.
एकोणीस हजार.
दहा हजार तीनशे बारा.

पोरानं एका कानाला माझा फोन लावला, एकोणीसशे तीस,
दुसऱ्या कानाला स्वतःचा,
कार्डाच्या पाठीवरचा नंबर बघून बँकेला म्हणाला,
आधी बंद करा, मग विचारा काय विचारायचं ते.
त्याची आमटी गार झाली.
फिजिक्समध्ये कच्चा आहे म्हणतात.

बँकेतल्या मॅडमनी फॉर्म दिला.
"ओटीपी तुम्हीच सांगितला ना?"
हो.
"शिकलेल्या दिसता."
बारावी.
पुढचं लिहायला फॉर्मात रकाना नव्हता,

की मी अकरा वर्षांची होते,
गणपती बुडवून आम्ही झोपलो
आणि पहाटे गाव नव्हतं.
मग पत्र्याच्या शेडपाशी गाड्या थांबायच्या,
अनोळखी माणसं उतरायची, हातात वही,
नाव काय, घरात किती होते, आता किती.
आकडा नीट सांगितला की ब्लँकेट मिळायचं,
बादली मिळायची, बिस्किटं.
मी आमच्या ओळीतल्या सगळ्यांचे आकडे पाठ केले होते.
नाव विचारणारा माणूस काहीतरी द्यायला येतो,
हे तेव्हापासून अंगात आहे, मॅडम.

म्हणाले नाही. सही केली.

एक एकोणीस हजार वाटेत कुठंतरी अडवले गेले,
सव्वा महिन्यानं परत आले.
बाकीच्यांचा फोन आणि अत्तर झालं, कागदावर तसं होतं.
अत्तर कसलं, ते लिहिलेलं नव्हतं.
आता मर्यादा पाच हजारांवर आणलीय,
परदेशातला व्यवहार बंद केलाय.
माझा परदेश म्हणजे सोलापूर, तरी केलाय.

नवं कार्ड आलं तेव्हा मशीनपाशी शिवकांतच होता.
"तारीख ठेवू नका काकू. जन्मतारीख तर नकोच."
जन्मतारीख नव्हती ती, म्हटलं.
तीन शून्य शून्य नऊ.
आता सांगायला हरकत नाही, तो नंबर मेला.
कुलपाला ती तारीख लावली की
कुणी विसरणार नाही असं वाटायचं.
पोरगं गप्प झालं. त्याच्या जन्माआधीची गोष्ट.
मग न सांगताच त्यानं पाठ फिरवली,
रस्त्यावरच्या ऑटो मोजत उभा राहिला
माझं दाबून होईपर्यंत.

परवा पुन्हा एक महानंदाजी आला.
थांबा हं, म्हटलं, हात खराब आहेत,
आणि बेचाळीस डब्यांची कणीक मळून होईस्तोवर
त्याला हॅलो हॅलो करू दिलं.

पहाटे चारच्या आधी जाग येते, ती अजून येते.
भाकरी थापताना नवा नंबर म्हणते,
एका थापेला एक आकडा.
त्या चार आकड्यांचा कशाशी संबंध नाही.
त्यात कुणी गेलेलं नाही.