दोन सेंटिमीटर

खाट क्रमांक चार. हिरव्या पडद्याआड
बाबनी कुबल, वय बासष्ट, राहणार देवबाग,
गेली सहा वर्षं परीक्षेची केस:
दिवसाचे तीनशे रुपये, चहा, दुपारी उसळपाव.

मी परभणीची. हातात पंचेचाळीस मिनिटं,
खिशात टेप, रबरी हातोडी, कापसाचा बोळा,
आणि पाठ केलेलं सगळं गढूळ.
'काका, तपासू का तुम्हाला?'
'आधी हात चोळ गो. बर्फ झाले आसत.
आणि माका चालूक सांग. सगळी पोरां थंयसरच चुकतत,
थेट खाटीर निजवतत.'

मग चालवलं. खिडकीपासून सलाइनच्या स्टँडपर्यंत, परत.
उजवं पाऊल टेकलं की खांदा खचायचा,
पायरी आहे समजून रिकाम्यात पाय पडावा तसा.
चपला पालथ्या करून पाहिल्या:
उजवीची टाच जवळजवळ नवी,
चवडा झिजून पार कागद.

मागे उभी राहिले. मणका न् मणका मोजत
बोट खाली नेलं. कमरेला रापणीच्या दोराचा घट्टा,
चाळीस वर्षं उलट्या पावली ओढलेल्या समुद्राचा.
तिथेच कणा उजवीकडे झुकलेला.
'बसा, काका.'
बसले, आणि वाक गेला.
हे वाक्य पुस्तकात मी तीनदा अधोरेखित केलं होतं.
माझ्या बोटाखाली ते पहिल्यांदाच घडत होतं.

कमरेच्या पुढच्या हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत टेप.
डावा अठ्ठ्याऐंशी. उजवा शहाऐंशी.
पुन्हा मोजला.
'दोनच,' छताकडे बघत ते पुटपुटले,
'तेराव्या वर्सार होडी मांडयेर इली.
घुडग्याखाली शोधीत बसा नको.'

हेरवाडकर सर आले. 'ठोकळे ठेवून दाखवा.'
उजव्या पायाखाली एक, मग दुसरा,
आणि कंबर आडवी, ओळंबा लावल्यासारखी.
'आता लंगडतो का हा?'
'ठोकळ्यावर नाही, सर.'
'मग चालेल कसा, ठोकळा घेऊन?'
घंटा वाजली. मी उत्तर दिलं नाही.
काकांनी लुंगी सावरली, पुढच्या पोराला म्हणाले, 'ये.'

पास झाले.

डिसेंबरात देवबागला गेले, समुद्र बघायला म्हणून.
संध्याकाळी उतरत्या वाळूवर कोणीतरी
वल्हं खांद्यावर टाकून तारकर्लीकडे चाललेलं,
पाणी डावीकडे, जमीन उजवीकडे चढत गेलेली.
सवयीनं मी खांदे पाहिले.
दोन्ही एका रेषेत.
ओळखायला म्हणून वेळ लागला.

'कित्याक बघतंस गो?'
'काका, तुम्ही लंगडत नाही इथे.'
'तारकर्लेक जाताना नाय,' ते हसले.
'घराक येताना दुप्पट.
मर्जी दर्याची. ह्यो काय तुमचो ठोकळो?'

मग ते वळले. घर मागच्या बाजूला होतं.
आता उजवा पाय उताराला,
प्रत्येक पावलाला वल्ह्याचं टोक आभाळात खालीवर.
मी त्यांच्या उजवीकडे आले, पाण्यातून चालू लागले.
हात पुढे केला नाही.
त्यांनी मागितला नव्हता.