उसने गोटे

नॉरफोकच्या कड्यावर हे घर,
पंख मिटता मिटता थांबलेलं फुलपाखरू.
भिंतीतले गोटे खालच्या किनाऱ्यावरचेच,
लार्टर गवंड्याने एकेक तळहातावर तोलून बसवलेले.
दक्षिणेची एकच भिंत,
अकरा आठवडे.

ओकच्या तुळयांत एकही खिळा नाही,
लाकडाला लाकडाचीच खुंटी.
जिन्याच्या कठड्यावर रंधा घसरला होता एकदा.
मालकीणबाई म्हणाल्या, राहू दे,
हात दिसतो.

आता एनिड थर्टल दर सोमवारी
घणाने ठोकलेल्या कडीला तेल देते,
मग बागेच्या टोकापर्यंत
पावलं मोजत जाते.
गेल्या साली एकवीस.
आज सतरा.

"मागतोय," एवढंच म्हणते.

परतताना भिंतीतला एक सैल गोटा
अंगठ्याने आत दाबते,
हलणारा दात दाबावा
तसा.