उधारीची वही

हरेश्वर तांडेल स्टुडिओत आला तेव्हा
हातात गाण्यांची वही नव्हती.
एक लांबट, खाकी पुठ्ठ्याची होती, दोऱ्याने शिवलेली,
कोपऱ्यांवर खवल्यांचा चंदेरी चुरा.
"चांगुणाची," तो म्हणाला. "मार्केटातली."
चपला दाराबाहेर काढल्या
आणि माइकसमोर उभा राहिला,
ओट्यासमोर नवं गिऱ्हाईक उभं राहतं तसा,
जरा संशयाने.

मी त्याला कॅसेटवरून ओळखत होतो.
निळं कव्हर, कव्हरावर होडी, होडीत मिशी.
माझ्या मावशीच्या हळदीला रात्रभर तोच वाजला होता.
मग डीजे आले.
बेंजो पलंगाखाली गेला
आणि खार दांड्याचं ते घर
एकवीस वर्षं चांगुणाच्या पाटीवर चाललं.
परवाच्या मार्गशीर्षात पाटी भिंतीला टेकली ती टेकलीच.

कंपनीच्या पोराला दुःख हवं होतं.
"काका, काकूंवर एक रडकं होऊन जाऊ द्या.
वर त्यांचा फोटो टाकू."
हरेश्वरने वही उघडली.
"रडकं गिऱ्हाईक तिला चालायचं नाय," म्हणाला,
आणि वाचल्यासारखं गायला लागला:

पाली नाक्याची मास्तरीण, सुरमई दीड, बाकी चाळीस.
गॅरेजवाला सलीम, कोलंबीचे दोन वाटे, बाकी साठ.
डिसोझांची म्हातारी, बोंबील, बाकी
जाऊ दे.

तसंच लिहिलं होतं तिने, चौथीतल्या अक्षरात:
बाकी, जाऊ दे.
ढोलकीवाला आधी हसला.
मग त्याला त्यात मात्रा सापडल्या, आणि तो गप्प झाला.

वरचा सा आता हरेश्वरला लागत नाही.
तिथवर पोचताना आवाज घासतो,
ओहोटीला होडी ओढावी लागते तसा.
मी तो यंत्रात घालून सरळ केला, ऐकवला.
हेडफोन कानांवर धरून तो बराच वेळ बसला.
"हा माझा भाऊ वाटतो," म्हणाला,
"माझ्याहून देखणा.
त्याला घरी पाठव."

तीन दिवसांत सात गाणी झाली.
माशांची नावं ती लिहायची कमी, काढायची जास्त:
पापलेटाला चौकट, बांगड्याला आडवी रेघ,
मांदेलीला नुसते ठिपके.
एका पानावर वर्तुळं होती,
एकात एक, पानभर, पेन उमटेनासं होईपर्यंत.
"हा कुठला मासा?" मी विचारलं.
त्याला माहीत नव्हतं.
चाळीस वर्षांच्या संसारात हे विचारायचं राहून गेलं होतं.
ते पान त्याने तोंड मिटून गायलं,
चार मिनिटं, अकरा सेकंद.
मी आकडा वाचत राहिलो, दुसरीकडे बघवत नव्हतं.

शेवटच्या पानावर एकच ओळ.
"हे. बेंजोचे अकराशे."
नवऱ्याचं नाव ती वहीतसुद्धा घ्यायची नाही.
ओळीवर काट नव्हती.
"हे गायचं?"
"नको. हे आमच्यातलं."

गणपती आटोपल्यावर गाणी बाहेर पडली.
फार काही झालं नाही.
दांड्यावरच्या पोरांनी दोन हळदींना वाजवली,
सलीमने गॅरेजात दिवसभर लावली, आपलं नाव आलं की मोठ्याने,
साठ रुपयांचं मात्र त्याने काही काढलं नाही.

मग एका मंगळवारी रात्री फोन.
मास्तरणीची सून दारात आली होती म्हणे,
पाकिटात चाळीस, वर एक रुपया.
सासू वारून आठ वर्षं झाली.
त्याने पैसे घेतले. ओल्या बोटाने मोजले.
तिच्यासमोर वहीत काट मारली, चांगुणा मारायची तशी, तिरकी.
रुपया परत केला.

"पोरा," तो म्हणाला,
मागे कुणीतरी कोयता धुत असल्याचा आवाज,
"पहिल्या गाण्यात एक ओळ खोटी झाली.
कधी येऊ?"